लॅपटॉपवर चालतं, काट्यावर चालत नाही: कंपायलर आणि लायब्ररींची व्हर्जनं जुळवून कशी ठेवायची

दिवाळी उरकली की आमच्या खान्देशात कापसाची धांदल सुरू होते. अशाच एका नोव्हेंबरात सकाळी सातला अमळनेरकडच्या एका जिनिंगमधून फोन आला. काट्यावरचा मुलगा घाईत होता. "भाऊ, काटा चालू व्हई नही राह्यना." काटा म्हणजे भुईकाटा आणि त्याला जोडलेला माझा प्रोग्राम. इंडिकेटरकडून वजन घ्यायचं, भाव लावायचा, पावती छापायची, एवढंच त्याचं काम. फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग, रात्रभर ट्रॉलीवर कुडकुडलेले शेतकरी, आणि आदल्या रात्री रिमोटने नवी फाईल चढवणारा मी. बदल तरी केवढा? पावतीवर गाडीचा नंबर ठळक अक्षरात. बस.

स्क्रीनचा फोटो मागवला. एकच ओळ होती: ग्लिबसी २.३४ हवी आहे, ती या मशीनवर नाही. (ग्लिबसी म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम जिच्यावर उभे असतात ती सी लायब्ररी.)

कोडमध्ये चूक नव्हती. आठवड्यापूर्वी मी माझा लॅपटॉप उबंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेला होता, आणि त्यावर केलेला बिल्ड (कंपाइल करून बनवलेली फाईल) काट्यावरच्या जुन्या बोर्डावर, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरवर, जाऊन पडला होता. दुपारपर्यंत पावत्या हाताने लिहाव्या लागल्या. शेठ एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

जळगाव-धुळे-शिरपूरकडच्या कॉलेजांतून बाहेर पडून छोट्या ऑफिसात सी किंवा सी++चं काम करणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. कोड एकच, पण चालायला हवा लिनक्सवर, विंडोजवर, कधी मॅकवरही, अशी वेळ आली की हा रस्ता धरा. आज्ञा आणि फाईलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका.

माझ्याकडचा नमुना सांगून ठेवतो, पुढे तोच येत राहील. फाटकावर रास्पबेरी पायचा बोर्ड, त्यावर ६४-बिट डेबियन ११ घराण्यातली सिस्टिम. ऑफिसात दिवाणजींचा विंडोज १० पीसी. आणि शेठच्या मुलाचा मॅकबुक, त्याला पुण्यात बसून रोजची आवक बघायची असते.

हाताशी काय हवं

- गिटचा रेपो. व्हर्जनांची नोंद यातच राहणार, व्हॉट्सअॅपवर नाही.
- डॉकर किंवा पॉडमॅन (आपल्या मशीनवर दुसरी सिस्टिम वेगळ्या खोक्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी साधनं), आणि डिस्कवर तीस-चाळीस जीबी मोकळी जागा.
- सीमेक आणि निंजा, म्हणजे बिल्ड चालवणारी साधनं.
- विंडोजसाठी व्हिज्युअल स्टुडिओचे बिल्ड टूल्स. मॅकचा बिल्ड द्यायचा असेल तर मॅकच लागेल असं धरून चाला.
- एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क. कशाला, ते पायरी २ मध्ये.
- गिऱ्हाइकाच्या मशीनवर लॉगिन करायची परवानगी, तीही लेखी मेसेजमध्ये.

पायरी १: गिऱ्हाइकाकडची मशिनं लिहून काढा

नवा माणूस सुरुवात करतो आपल्या लॅपटॉपपासून. उलट करा. ज्या मशीनवर प्रोग्राम चालणार आहे तिथून सुरुवात करा.

लिनक्सवर तीन आज्ञा पुरतात. 'कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज' सिस्टिमचं नाव सांगते, 'युनेम -एम' प्रोसेसर सांगते, आणि 'एलडीडी --व्हर्जन' ग्लिबसीचा आकडा सांगते. विंडोजवर 'विनव्हर', मॅकवर 'एसडब्ल्यू_व्हर्स'. जे दिसेल ते जसंच्या तसं रेपोतल्या एका साध्या टेक्स्ट फाईलीत टाका: जागा, मशीन, सिस्टिम, प्रोसेसर, ग्लिबसी, तपासल्याची तारीख.

फोनवर विचारून लिहू नका. "लेटेस्टच आहे भाऊ" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता 'लेटेस्ट' म्हटलं की मला २०१८ ऐकू येतं.

पाठ असू द्या असे काही आकडे:

उबंटू १८.०४: ग्लिबसी २.२७
उबंटू २०.०४ आणि डेबियन ११: २.३१
उबंटू २२.०४: २.३५
डेबियन १२: २.३६
उबंटू २४.०४: २.३९

पायरी २: सगळ्यात जुन्या मशीनच्या खोक्यात बिल्ड करा

ग्लिबसीतल्या प्रत्येक फंक्शनवर व्हर्जनचा शिक्का असतो. तुम्ही लिंक करता तेव्हा त्या मशीनवरचा सगळ्यात नवा शिक्का तुमच्या प्रोग्रामला चिकटतो. नवी ग्लिबसी जुने सगळे शिक्के सांभाळून असते, त्यामुळे जुन्यावर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो. नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेल याची काही खात्री नाही. आणि २.३४ हा आकडा खास कुप्रसिद्ध आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या या व्हर्जनमध्ये थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य ग्लिबसीत विलीन झाली, आणि प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवा शिक्का बसला. म्हणून त्यानंतरच्या सिस्टिमवर केलेला 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा डेबियन ११ वर उठत नाही. माझा ठळक अक्षरांचा बदल तर फार लांबची गोष्ट.

तेव्हा यादीतलं सगळ्यात जुनं मशीन शोधा आणि त्याच सिस्टिमच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा. माझ्या बाबतीत डेबियन ११ म्हणजे बुलसाय. एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) लॅपटॉपवरच बुलसायचा कंटेनर चालवून त्यात 'क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४' हे पॅकेज घातलं की बोर्डासाठीचा कंपायलर आणि त्याच्या जोडीची २.३१ ग्लिबसी दोन्ही येतात.

"बोर्डावरच कंपाइल करू की" असं वाटेल. मलाही वाटलं होतं. भुसावळ-जळगावकडचा मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या आसपास, पत्र्याची केबिन, आणि त्यात चारही कोर पेटवून कंपाइल. रास्पबेरी पाय ८० अंशांना आपला वेग कमी करायला लागतो. वीस मिनिटांचं काम तासावर गेलं, मग लाइट गेली.

या पायरीवर माणसं हमखास अडकतात ती ठिकाणं:

*लेटेस्टचा टॅग.* डॉकर फाईलीत 'डेबियन:लेटेस्ट' लिहिलंत तर एकदा बुलसाय, पुढे कधी बुकवर्म म्हणजे डेबियन १२. 'डेबियन:बुलसाय' लिहिलं तरी त्या नावाखालची इमेज (कंटेनरचा तयार साचा) अधूनमधून नव्याने बनते. इमेजचा शा-२५६ डायजेस्ट, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा तो लांबलचक आकडा, डॉकर फाईलीत लिहा. बिल्ड सर्व्हर भाड्याचा असेल तर तिथेही 'उबंटू-लेटेस्ट' असं कधी निवडू नका. ते नाव एक दिवस गुपचूप पुढच्या व्हर्जनवर सरकतं.

*डॉकर फाईल म्हणजे इमेज नव्हे.* फाईलीत 'अॅप्ट इन्स्टॉल' आहे म्हणजे दर वेळी त्या दिवशी सर्व्हरवर जे असेल ते येणार. एकदा इमेज बनली की तिला नंबर द्या, 'डॉकर सेव्ह'ने फाईल काढा आणि एक्स्टर्नल डिस्कवर ठेवा. सेंटओएस ७ या लिनक्सचा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला आणि तिची मिररलिस्टच बंद झाली. ज्यांच्याकडे फक्त डॉकर फाईल होती त्यांचं 'यम' (सेंटओएसवर पॅकेजं आणणारी आज्ञा) तिथेच अडकलं. ज्यांच्याकडे इमेज होती त्यांचं काम चालू राहिलं. डेबियनची स्नॅपशॉट सेवा तारखेनुसार जुनी पॅकेजं देते, ती आधाराला आहे. पण आपल्याकडे नेटचा भरवसा किती, ते तुम्हाला सांगायला नको.

*"स्टॅटिक करून टाक ना."* हा सल्ला कोणीतरी देतोच. सी++ची लायब्ररी स्टॅटिक जोडायला हरकत नाही. '-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++' मी स्वतः वापरतो. पण ग्लिबसी स्टॅटिक जोडली की सर्व्हरचं नाव शोधण्यासारख्या गोष्टींना चालताना पुन्हा त्याच व्हर्जनची लायब्ररी लागते. पूर्ण स्टॅटिकच हवं असेल तर मसल नावाची दुसरी सी लायब्ररी बघा.

पायरी ३: कंपायलरचा आकडा खिळ्याने ठोका

तिन्ही ठिकाणी एकच कंपायलर हवा असा हट्ट नको. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा, मॅकवर ॲपलचा क्लँग, लिनक्सवर जीसीसी असूद्या. प्रत्येक ठिकाणी तो कुठला, हे मात्र ठरलेलं आणि लिहिलेलं हवं. घरोघरी काळा मसाला वेगळा असतो, तरी आपल्या घरचा कुठल्या डब्यात आहे हे माहीत असतंच ना, तसं.

जीसीसीचा एकेक आकडा वर गेला की काय बदलतं ते बघा. १० पासून हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबलची व्याख्या ठेवणारा जुना सी कोड लिंक होताना 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून अडतो. ११ पासून न सांगता सी++१७ धरलं जातं. १३ मध्ये 'सीएसटीडीइंट' हे हेडर दुसऱ्या हेडरांमागून आपोआप यायचं थांबलं, आणि वर्षानुवर्षं चालणारा 'युइंट३२_टी' अनोळखी झाला. १४ मध्ये जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर सीमध्ये सरळ एरर. यातला एकही बदल चुकीचा नाही. पण तुमच्याकडे १३ आणि शेजारच्या टेबलावर ११ असेल तर अर्धा दिवस "माझ्याकडे होतंय, तुझ्याकडे का नाही" यात जातो.

म्हणून सी++चं मानक स्वतः लिहा. सीमेकमध्ये 'सीएक्सएक्स_स्टँडर्ड' १७ लिहिलं आणि जोडीला 'स्टँडर्ड_रिक्वायर्ड' ऑन केलं नाही, तर जुना कंपायलर दिसल्यावर सीमेक न बोलता खालच्या मानकावर उतरतो. सीमेकचा स्वतःचा आकडाही नोंदवा. २०२५ मध्ये आलेल्या ४.० ने ३.५ च्या आधीची सुसंगतता काढून टाकली, त्यामुळे कित्येक जुन्या लायब्ररी कॉन्फिगर होतानाच अडतात.

मॅकबद्दल थोडक्यात. ॲपलच्या क्लँगचा आकडा आणि मूळ एलएलव्हीएमच्या क्लँगचा आकडा एक नसतो, तुलना करू नका. 'मॅकओएसएक्स_डिप्लॉयमेंट_टार्गेट' ठरवून द्या, नाहीतर तुमच्या मॅकवरची सिस्टिम हीच किमान अट होऊन बसते. होमब्रूमधून (मॅकवर पॅकेजं टाकायचं साधन) लायब्ररी घेऊन गिऱ्हाइकाला द्यायची नाही; ती तुमच्या सिस्टिमसाठी बांधलेली असते, आणि एक गोष्ट इन्स्टॉल करताना दुसरी चार अपग्रेड होऊन जातात.

पायरी ४: लायब्ररींना कुलूप

इथे नियम एकच पाळा: लायब्ररी आणायचा रस्ता एक ठेवा. व्हीसीपीकेजी आणि कॉनन ही लायब्ररी आणून देणारी साधनं. व्हीसीपीकेजी वापरत असाल तर मॅनिफेस्ट फाईलीत 'बिल्टइन-बेसलाइन'ला कमिटचा आकडा द्या. कॉनन वापरत असाल तर लॉकफाईल बनवून रेपोत कमिट करा. दोन्ही जड वाटत असतील आणि लायब्ररी चार-पाचच असतील, तर त्यांच्या सोर्सची झिप स्वतःकडे ठेवा आणि सीमेकला तिचा शा-२५६ सांगा. आमच्या तीन माणसांच्या ऑफिसात हेच चालतं. गिटवरून आणताना ब्रँचचं नाव देऊ नका, कमिट द्या. आणि गिटहबवर आपोआप बनणाऱ्या टारबॉलच्या (सोर्सच्या दाबलेल्या फाईलीच्या) चेकसमवर विसंबू नका: जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने ते दाबून बनवायची पद्धत बदलली, आतला सोर्स तोच असूनही चेकसम बदलले आणि जगभरचे बिल्ड कोसळले. गिटहबने बदल लगेच मागे घेतला, पण तेवढ्या वेळात ज्याच्याकडे स्वतःची प्रत होती त्याला काही कळलंही नाही.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे हेडर एका व्हर्जनचं आणि लायब्ररी दुसऱ्या. अॅप्टने एक टाकलेली असते, कधीतरी 'मेक इन्स्टॉल' करून '/युएसआर/लोकल'मध्ये दुसरी. कंपाइल होतं, लिंक होतं, आणि चालताना स्ट्रक्चरचा आकार जुळत नाही म्हणून भलत्याच जागी कोसळतं. यावर स्वस्त उपाय आहे. बहुतेक चांगल्या लायब्ररी हेडरमध्ये आपला आकडा ठेवतात आणि चालताना विचारलं तरी सांगतात. एसक्यूलाइटमध्ये 'एसक्यूलाइट_व्हर्जन_नंबर' आणि 'एसक्यूलाइट३_लिबव्हर्जन_नंबर' आहेत, झेडलिबमध्येही अशीच जोडी आहे. प्रोग्राम सुरू होताच दोन्ही आकडे ताडून बघा, जुळले नाहीत तर तिथेच थांबा आणि दोन्ही छापा. चार ओळींचं काम.

'अनडिफाइन्ड रेफरन्स' आणि नावात कुठेतरी 'सीएक्सएक्स११' दिसलं तर समजा की एक तुकडा जीसीसी ५ च्या आधीच्या स्ट्रिंगने बांधलाय आणि दुसरा नंतरच्या. कोणीतरी दिलेली जुनी तयार '.ए' फाईल असेल तर बहुतेक तिच्यातच दोष सापडतो.

ओपनएसएसएलचं सांगायलाच हवं. १.१.१ चा पाठिंबा ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, आणि उबंटू २२.०४ मध्ये ३ चीच मालिका मिळते. म्हणजे जुन्यावर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो हा पायरी २ चा नियम ग्लिबसीपुरता. ओपनएसएसएलला तो लागू नाही. १.१ ला जोडलेला प्रोग्राम २२.०४ वर 'लिबएसएसएल.एसओ.१.१' मागत उभा राहतो. अशी लायब्ररी स्वतः बांधून प्रोग्रामसोबत द्या, आणि मग तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या ही तुमची जबाबदारी, हे वहीत लिहून ठेवा.

विंडोजवर: व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ ते २०२२ ची बायनरी एकमेकांशी जुळतात, पण लिंक करणारं टूलसेट हे सगळ्या तुकड्यांतल्या सगळ्यात नव्याइतकं तरी नवं हवं. डीबग आणि रिलीज मिसळू नका, '/एमडी' आणि '/एमटी' मिसळू नका, मिनजीडब्ल्यूची (विंडोजवरच्या जीसीसीची) सी++ लायब्ररी मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला देऊ नका. आणि रिडिस्ट्रिब्युटेबल (मायक्रोसॉफ्टच्या सी++ डीएलएलींचा इन्स्टॉलर) दर वेळी सोबत द्या, तुमच्या टूलसेटच्या आकड्याचा. २०२२ च्या १७.१० मध्ये म्युटेक्सचा (थ्रेडांमधल्या कुलपाचा) कन्स्ट्रक्टर बदलला. नव्याने बांधलेला प्रोग्राम जुन्या डीएलएलवर पहिल्याच लॉकला गपकन बंद होतो. ना डबा, ना निरोप. दिवाणजी म्हणतात, "उघडतंय आणि मिटतंय."

पायरी ५: आकडे जुळले तरी उत्तरं जुळत नाहीत, तेव्हा

इथे जरा थांबतो, कारण यातले तिन्ही प्रकार मला काट्यावरच भेटलेत.

*पहिला: उणे शून्य.* वजन २३.४५ क्विंटल, भाव ७,१२० रुपये, रक्कम १,६६,९६४. शेतकऱ्याला पूर्ण रक्कम मिळाली. ऑफिसातल्या पीसीवर बाकी ०.००. फाटकावरच्या पावतीवर बाकी -०.००, आणि खाली माझ्याच हाताने लिहिलेला शेरा: 'जादा अदा'. म्हातारबाबांनी पावती डोळ्यांजवळ धरली. "हाई उणे शून्य काय शे?"

झालं असं होतं. २३.४५ हा आकडा बायनरीत नेमका बसत नाही, किंचित कमी पडतो. एक्स८६ वर आधी गुणाकार होतो, तो राउंड होऊन बरोबर १,६६,९६४ होतो, मग जमा रक्कम वजा होऊन शून्य. ६४-बिट आर्मवर गुणाकार-वजाबाकी एका दमात करणारी सूचना असते, आणि जीसीसी ऑप्टिमायझेशनमध्ये ती न विचारता वापरतो. मधलं राउंडिंग होतच नाही, आणि उत्तर येतं उणे ०.०००००००००००५ च्या आसपास. कंपायलर खरं म्हणजे जास्त अचूक वागतो, पण माझी 'शून्यापेक्षा कमी' ही अट तेवढ्याने खरी झाली. '-एफएफपी-काँट्रॅक्ट=ऑफ' हा फ्लॅग सगळीकडे लावला की दोन्हीकडे सारखं उत्तर येतं. खरा उपाय मात्र पैशाचा हिशोब पूर्णांकात, पैशांत करणं.

*दुसरा: तीन हजार सतरा किलो.* म्हणून मी पूर्णांकात गेलो. वजन किलोत, भाव पैशांत म्हणजे ७,१२,०००, गुणायचं आणि शंभराने भागायचं. व्हेरिएबल घेतलं 'लाँग'. काट्यावर झकास. ऑफिसात ३,०१६ किलोपर्यंत झकास, आणि ३,०१७ ला रक्कम उणे! ६४-बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटचा असतो, ६४-बिट विंडोजवर ३२ बिटचाच. ३,०१७ गुणिले ७,१२,००० म्हणजे २,१४,८१,०४,०००, आणि ३२ बिटांची हद्द २,१४,७४,८३,६४७ ला संपते. टेस्ट मी केली होती एका पिकअपच्या वजनाने. 'इंट६४_टी' लिहा, लाँग विसरा.

*तिसरा: न संपणारा लूप.* इंडिकेटर सिरीअल पोर्टवरून एकेक अक्षर पाठवतो. मी ते 'कॅर'मध्ये घेऊन ईओएफशी (वाचायचं संपल्याची खूण, उणे एक) ताडत होतो. एक्स८६ वर कॅरला चिन्ह असतं, उणे एक त्यात मावतो. आर्म लिनक्सवर कॅर बिनचिन्हाचा, त्यात उणे एक कधी येतच नाही. यूएसबीची वायर निघाली की लूप फिरतच राहायचा आणि बोर्ड गरम. वाचलेलं मूल्य 'इंट'मध्ये घ्या; '-एफसाइन्ड-कॅर' ही तात्पुरती मलमपट्टी आहे.

तिन्ही ठिकाणी चालणारी एक छोटी टेस्ट ठेवा, खऱ्या पावत्यांच्या आकड्यांची. माझ्या टेस्टमध्ये २३.४५ आणि ३,०१७ कायमचे आहेत.

पायरी ६: सगळं एका आज्ञेत बांधा

कंपायलरचा मार्ग आणि टार्गेट टूलचेन फाईलीत, फ्लॅग सीमेकच्या प्रीसेट्स फाईलीत. मग लॅपटॉप असो की सर्व्हर, आज्ञा एकच: 'सीमेक --प्रीसेट काटा'. कुणाच्या शेलमध्ये लपलेला 'सीएक्सएक्सफ्लॅग्ज' शोधत बसावं लागत नाही.

दोन किरकोळ पण वेळखाऊ खोड्या. विंडोजवर सेव्ह केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणते, कारण ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर असतं, '.गिटअॅट्रिब्युट्स'मध्ये शेल फाईलींना 'ईओएल=एलएफ' लावा. आणि 'कॉन्फिग.एच'मधला पहिला क कॅपिटल की स्मॉल, याची विंडोजला आणि मॅकला सहसा पर्वा नसते. लिनक्सला असते.

पायरी ७: फाटकातून बाहेर जाताना झडती

बिल्ड झाला म्हणजे पाठवायचा असं नाही. 'ऑब्जडंप -टी' (टी कॅपिटल) च्या आउटपुटमधून ग्लिबसीचे शिक्के गाळून सगळ्यात मोठा आकडा काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. तो २.३१ च्या वर गेला तर बिल्ड नापास. अमळनेरच्या फोनआधी ही पाच ओळींची स्क्रिप्ट माझ्याकडे असती तर सातला मी झोपलेला असतो. जीसीसीच्या सी++ लायब्ररीचेही शिक्के असतात: जीसीसी १० ची हद्द ३.४.२८, ११ ची ३.४.२९. तेही त्याच स्क्रिप्टमध्ये बघा.

कुठल्या लायब्ररी लागणार ते लिनक्सवर 'रीडएल्फ -डी', मॅकवर 'ओटूल -एल' (एल कॅपिटल), विंडोजवर 'डंपबिन /डिपेंडंट्स' सांगतं. मॅकच्या यादीत होमब्रूचा मार्ग दिसला, किंवा विंडोजच्या यादीत डीबगची 'डी'ने संपणारी डीएलएल दिसली, की थांबा.

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात बिल्ड नंबर, कमिटची पहिली आठ अक्षरं आणि कंपायलरचा आकडा छापा. फोनवर "कोणतं व्हर्जन आहे?" विचारण्यापेक्षा "पावतीच्या खालचं वाच" हे सोपं जातं.

पायरी ८: अपग्रेड कधी आणि कसं

कधी ते आधी. आमच्याकडे जून-जुलै. जिनिंग बंद असतात, शेठ निवांत असतात. नोव्हेंबर ते मार्च कंपायलरला हात लावायचा नाही, सुरक्षेची दुरुस्ती सोडून.

कसं तर एका वेळी एकच. आधी कंपायलर, टेस्ट, कमिट. मग एक लायब्ररी, टेस्ट, कमिट. सगळं एकदम वर नेलं आणि काही मोडलं तर कुणामुळे मोडलं ते सांगता येत नाही. यादीतली मशिनं पुन्हा तपासा. शेवटचं डेबियन ११ निघालं की मगच कंटेनर १२ वर न्या. जुनी इमेज पुसू नका, एक्स्टर्नल डिस्कवर तारीख टाकून ठेवा.

आणि नवी फाईल चढवताना जुनी तिथेच 'जुनी' या नावाने ठेवा, सोबत डेस्कटॉपवर एक आयकॉन, दाबला की जुनी परत चालू होईल असा. सकाळी सातला फोनवरून काट्यावरच्या मुलाला टर्मिनलच्या आज्ञा सांगता येत नाहीत. "लाल आयकॉन दाब" एवढं सांगता येतं.